मुरघास आणि असंग्रहाचे व्रत

ऊस तुटून गेला की फडात पाचट उरते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते, असे ऊसशेतीचे जाणकार सांगत आले आहेत. कराडपासून पलूस-मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठी त्यातले पुष्कळसे आजही काडी लावून पेटवले जाते, कारण खोडवा लवकर फुटावा अशी घाई असते आणि ते गोळा करायला माणूस मिळत नाही. सातारा-सांगली या त्याच दोन जिल्ह्यांच्या पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत कडब्याची पेंढी मोजून जनावरापुढे पडते. एकीकडे उरलेले जाळायचे आणि दुसरीकडे उरत नाही म्हणून झुरायचे, ही विसंगती केवळ व्यवस्थापनाची नाही. उरलेल्यावर हक्क कोणाचा, आणि उद्यासाठी ठेवावे की नाही, हे दोन प्रश्न तिच्या मुळाशी आहेत आणि ते दोन्ही धर्मविचाराचे जुने प्रश्न आहेत. शेतातला हिरवा अवशेष मुरवून ठेवायचा आणि वर्षभर थोडा थोडा बायोगॅसच्या टाकीत सोडायचा, या साध्या वाटणाऱ्या कामाच्या निमित्ताने ते पुन्हा उभे राहतात. माझे म्हणणे असे, की हे साठवणे असंग्रहाच्या व्रताविरुद्ध जात नाही. उलट, आपल्या हवामानात त्या व्रताचा खरा अर्थ तिथेच कळतो. मात्र उरलेल्यावर ज्यांचा आधीचा वाटा आहे त्यांना तो पोचल्यावर जे शिल्लक राहील, तेवढ्यापुरतेच हे खरे.

आधी ही गोष्ट काय आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण धर्माची चर्चा वस्तूच्या गुणधर्मांना सोडून केली की ती हवेत जाते. मुरघास आता सातारा-सांगलीच्या दूधवाल्या शेतकऱ्याला नवा नाही. मक्याची हिरवी कुट्टी खड्ड्यात किंवा जाड पिशवीत भरायची, ट्रॅक्टर फिरवून किंवा तुडवून तिच्यातली हवा काढायची, वरून कागद आणि माती घालून तोंड बंद करायचे. आत लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वनस्पतीतल्या साखरेवर वाढतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जिवाणू तिथे जगू शकत नाहीत. दीडेक महिन्यात चारा मुरतो आणि हवा शिरली नाही तर वर्षभर टिकतो. यासाठी ओलावा साठ-सत्तर टक्के हवा आणि थोडी साखर हवी. म्हणून वाळलेले पाचट मुरत नाही. उसाचे हिरवे वाढे, कणीस काढल्याबरोबर कापलेला मका, भाजीपाल्याचा पाला मुरतो. कोरड्या पाचटाची वाट निराळी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पानांवर आणि बगॅसवर चालणारा गॅसिफायर नव्वदच्या दशकातच करून पाहिला होता. बायोगॅसच्या बाबतीत विचाराची दिशा बदलली ती डॉ. आनंद कर्वे यांनी. फलटणच्या त्याच संस्थेत करडईवर काम केलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभारली आणि एक सरळ प्रश्न विचारला: ज्यातला सकस भाग गाईने आधीच पचवला आहे त्या शेणापासून गॅस करण्याचा हट्ट का? त्यांच्या संस्थेचा स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा संच २००६ साली ॲशडेन पुरस्काराचा मानकरी ठरला. आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. एक टन ताज्या शेणापासून सुमारे चाळीस घनमीटर गॅस मिळतो. कणसासकट मुरवलेल्या एक टन मक्यापासून युरोपात दोनशेच्या आसपास मिळतो. आपल्या वाढ्यांचा आणि कणीस काढलेल्या ताटांचा आकडा याहून कमी असणार, तरी तो शेणाच्या पुढेच राहील. घरगुती सिलिंडरची बरोबरी करायला तीसेक घनमीटर गॅस पुरतो.

पण टाकीला रोज खायला लागते आणि शेत रोज देत नाही. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. वाढे या काळात एकदम येतात आणि नंतर अजिबात येत नाहीत. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मात्र अचानक बदल सोसत नाहीत. चार महिने भरपेट आणि आठ महिने उपवास अशी त्यांची व्यवस्था करता येत नाही. म्हणून साठवण आली, आणि साठवणीबरोबर तिच्यावरचा सर्वांत कठोर आक्षेप आला. महात्मा गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी पत्रे लिहिली, त्यांत अपरिग्रहाची, म्हणजेच असंग्रहाची, मांडणी अगदी टोकाची आहे. सत्याच्या साधकाने उद्यासाठी काही धरून ठेवू नये. परमेश्वर स्वतः उद्याकरता साठवत नाही, त्या त्या वेळी लागेल तेवढेच निर्माण करतो, असा त्यांचा आशय. विनोबांनीही असंग्रह एकादश व्रतांमध्ये मानला आणि जगून दाखवला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे अभ्यासून गेलेल्या या माणसाचे शब्द कृष्णाकाठच्या वाचकाला परके नाहीत. हा आक्षेप हलका करून चालणार नाही. साठवणाऱ्याच्या मनात भीती असते, भीतीतून लोभ येतो, आणि लोभातून दुसऱ्याच्या वाट्यावर डोळा जातो, ही साखळी खरी आहे. धान्याच्या व्यापाऱ्याने टंचाईची वाट पाहत कोठार बंद ठेवावे, याची उदाहरणे प्रत्येक दुष्काळात सापडतात.

तरीही गांधींचे ते विधान या भूमीवर जसेच्या तसे लागू होत नाही असे मला वाटते, आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानात नसून पावसात आहे. निसर्ग रोजच्या रोज लागेल तेवढेच देतो, हे जिथे बाराही महिने थोडा थोडा पाऊस पडतो तिथे म्हणता येईल. सह्याद्रीच्या पूर्वउतारावर वर्षाचे पाणी चार महिन्यांत पडते आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. इथे देणाराच एकदम देतो. त्या दानाचा स्वीकार करायचा तर ते धरून ठेवणे भाग आहे. न धरणे म्हणजे नाकारणे. कोयनेच्या शंभरावर टीएमसीच्या जलाशयाला कोणी परिग्रह म्हणत नाही. कांद्याने स्वतःत साठवलेला रस, मुंगीचे वारूळ, जमिनीत शतकानुशतके जमलेला ह्यूमस हेही साठेच आहेत. अशा हवामानात उद्याचा विचार हा ईश्वरावरच्या अविश्वासाचा पुरावा ठरत नाही. मग दोष कुठे असतो? दोष अडवण्यात असतो. वस्तू जिथे जायची तिथे उशिरा पोचली तर ती साठवण. पोचूच दिली नाही तर तो परिग्रह. मुरघासाचा खड्डा हा काळ पुढे ढकलण्याचे साधन आहे, आणि त्यातली वस्तू फिरत राहण्यासाठीच तिथे थांबलेली असते.

ही दृष्टी आपल्या भागाला मुळात ठाऊक होती. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद ठेवत असत. हवा आणि कीड आत जाऊ न देणारी ती पेवे इतकी भरवशाची होती, की सांगलीच्या हळद बाजाराची पत त्यांवर उभी राहिली. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी निकामी झाली. पेवात आणि मुरघासाच्या खड्ड्यात नियम एकच: हवा बाहेर, माल आत. सांगलीच्या पूर्वेला, जतच्या पलीकडे मंगळवेढे आहे. तिथल्या दामाजीपंतांची कथा संतपरंपरेने जपली, कारण साठ्याचा धर्म तिने एका प्रसंगात सांगितला. दुष्काळात त्यांनी बादशाहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांना खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन त्याची भरपाई केली, अशी ती कथा. तिच्यातला एक भाग सहसा लक्षात घेतला जात नाही. कोठार भरलेले होते म्हणून ते उघडता आले. आधी कोणीतरी साठवले नसते तर दामाजींच्या करुणेला हातात द्यायला काहीच उरले नसते. कथेने साठवणाऱ्या हाताला दोष दिलेला नाही; योग्य वेळी न उघडणाऱ्या हाताला दिला असता.

आता पेटवण्याकडे पाहू. पाचट जाळणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात, अग्नीला दिले, त्यात पाप कसले? या म्हणण्यात श्रद्धेचा अंश असेल तर त्याला श्रद्धेच्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे चक्र सांगितले आहे: प्राणी अन्नातून, अन्न पर्जन्यातून, पर्जन्य यज्ञातून, यज्ञ कर्मातून. जो घेतो आणि परत देत नाही त्याला तिथे चोर म्हटले आहे. जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो असे म्हटले आहे. आणि चक्र पुढे न फिरवणाऱ्याचे जगणे व्यर्थ मानले आहे. या कसोटीवर फडातली आग कुठे बसते? यज्ञात अर्पण कोणाला तरी पोचते आणि चक्र पुढे सरकते. पाचटाच्या आगीत वनस्पतीने जमिनीतून उचललेले नत्र आणि गंधक बव्हंशी धुरावाटे निघून जाते, कर्ब हवेत जातो, वरच्या थरातले सूक्ष्मजीव मरतात, आणि शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना खोकला येतो. ते कोणालाच पोचत नाही. चक्र तिथे तुटते. बायोगॅसच्या टाकीतही कर्बाचा मोठा भाग गॅस होऊन जातो, हे मान्य. पण नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळे टाकीतून निघणाऱ्या स्लरीत राहते आणि न पचलेले लिग्निनही राहते, ज्यातून जमिनीचा ह्यूमस घडतो. चूल पेटते आणि शेताचे शेताकडे परत जाते. अग्नीला दोन्हीकडे आहुती मिळते, पण परतफेड फक्त एकीकडे होते.

जैन परंपरेने याबाबत अधिक नेमके बोलून ठेवले आहे, आणि सांगली जिल्ह्यात ते ऐकणारे शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासून इथे काम करते आहे आणि तिचा समाज व्यापारापेक्षा नांगराशी अधिक जोडलेला आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची, कर्मादानांची, जी यादी जैन आचारग्रंथांत येते तिच्यात रान पेटवणे स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे. आगीत किती जीव जातात याची मोजदाद करणारा कोणी नसतो, म्हणून ते पाप अधिक. त्याच यादीत कोळसा पाडण्याचा धंदाही आहे. म्हणजे उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या ज्या तंत्रासाठी ‘आरती’ला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला, त्यावर एखादा व्रतस्थ श्रावक प्रश्न उभा करू शकेल. त्याला सांगता येईल ते इतकेच, की उघड्या फडात जळून वाया जाणाऱ्या पाल्यातून चुलीचे इंधन काढले तर तेवढे लाकूड वाचते, आणि लाकडाबरोबर त्यावर वसलेले जीव वाचतात. हे उत्तर पूर्ण समाधान करणारे नाही, पण अहिंसेचा हिशेब शेतीत नेहमी असा कमी-अधिकाचाच असतो. आंबवण आणि कुजवण यांत असंख्य सूक्ष्म जीव जन्मतात आणि मरतात, हा आक्षेप मुरघासावरही येईल. पण कुजणे टळत नाही. झाकलेल्या खड्ड्यात होणार नाही ते उघड्या ढिगात होईल, आणि तिथे निघणारा मिथेन कोणाच्याही चुलीला न लागता आकाशात जाईल.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र धर्मग्रंथातून येत नाही, तो शेतातून येतो. उरलेले खरोखर उरलेले असते का? पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते, तण दबते, आणि पुढच्या पिकाला कर्ब मिळतो; गेल्या काही दशकांत कृष्णाकाठच्या कित्येक शेतकऱ्यांनी काडी टाकून देऊन ही वाट धरली आहे. क्षारपड होत चाललेल्या जमिनींना सेंद्रिय कर्बाची भूक किती आहे हे मिरज-वाळव्याकडच्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून पहिला वाटा मातीचा. सुके पाचट तिचे आहे आणि ते तिथेच राहावे. मुरघासाला ते लागतही नाही. गॅससाठी पाला उचलायचाच असेल तर त्याच शेतात स्लरी परत गेली पाहिजे. जवळच्या दुसऱ्या शेतात किंवा बाजारात नव्हे, ज्या सरीतून पाला उचलला त्याच सरीत. हे बंधन गैरसोयीचे आहे, वाहतुकीचा खर्च वाढवणारे आहे, पण त्याशिवाय गॅसप्रकल्प म्हणजे सभ्य रीतीने केलेली जमिनीची लूट ठरेल.

दुसरा वाटा जनावरांचा, आणि इथे वाढ्यांचा प्रश्न फार नाजूक आहे. ऊसतोड टोळ्या बीड-अहिल्यानगरकडून बैलगाड्या घेऊन येतात तेव्हा उसाचे शेंडे त्यांच्या बैलांचे, ही रीत आहे. उरलेली वाढ्यांची पेंढी टोळीतल्या बायका गावात विकतात आणि त्या पैशातून मीठमिरची चालते. हा हक्क कुठल्या करारात लिहिलेला नसतो. ज्वारी काढल्यावर रानात पडलेली कणसे वेचून नेण्याचा, सरव्याचा, भूमिहीनांचा हक्क असाच बिनलिखित होता. तो दयेवर नव्हे, रीतीवर उभा होता. उद्या वाढ्यांना गॅसप्रकल्पाकडून टनावर दर मिळू लागला, तर वाढे ‘उरलेले’ राहणार नाहीत. ते माल होतील, आणि मालाचा मालक शेतकरी किंवा कारखाना असेल, टोळी नसेल. जिथे जिथे टाकाऊ वस्तूला किंमत येते तिथे तिथे त्या वस्तूवर जगणाऱ्या सर्वांत दुबळ्या माणसाचा हात आधी झटकला जातो. मुरघासाचा पुरस्कार करणाऱ्याने हे आधी कबूल केले पाहिजे, कारण त्याचे तंत्र जितके यशस्वी होईल तितका हा धोका वाढेल. उपाय एकच दिसतो: टोळीचा वाढ्यांवरचा हक्क लिहून घ्यावा, आणि प्रकल्पाने वाढे घ्यायचे असतील तर ते टोळीकडून, ठरलेल्या दराने विकत घ्यावेत. रीत मोडून तंत्र आणण्यापेक्षा रीतीला करारात बसवून तंत्र आणणे अधिक धार्मिक आहे.

लोभ इथे कसा शिरतो याचा धडा घ्यायला दूर जर्मनीकडे पाहता येईल. तिथे नऊ हजारांच्या आसपास बायोगॅस प्रकल्प उभे राहिले. २००४ पासून मुद्दाम पिकवलेल्या पिकांच्या गॅसविजेला वाढीव दर मिळू लागला, आणि मुरवण्यासाठीच मका पेरला जाऊ लागला. जमिनीचे खंड वाढले, पीक फेरपालट मोडली, गावोगाव मक्याच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि २०१२ च्या कायद्यात सरकारला टाकीत घालायच्या मक्या-धान्याच्या वाट्यावर साठ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. अवशेषाची साठवण हळूहळू अन्नाच्या शेताची जागा खाऊ शकते, हे तिथे डोळ्यांदेखत घडले. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ पासून ‘सतत’ योजनेखाली संकुचित बायोगॅसला खात्रीची खरेदी मिळाली आहे आणि साखर कारखान्यांतल्या प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, चालणारे प्रकल्प येत आहेत. प्रेसमडचे ठीक आहे, तो खरा अवशेष आहे. पण जिथे उसासाठी आधीच नदी उपसली जाते तिथे गॅससाठी आणखी एक तहानलेले पीक लावण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याला अवशेषाच्या धर्माचा आधार मागता येणार नाही. जे मुद्दाम पिकवले ते उरलेले नव्हे.

शुद्धाशुद्धतेचा एक आक्षेप अजून आहे. तो बोलून फारसा दाखवला जात नाही, पण मनात असतो. शेणाच्या गॅसला आपल्या घरांत प्रतिष्ठा आहे, कारण शेण पवित्र. आंबट वासाचा, काळपट पडलेला पाला मात्र नासका वाटतो. त्यापासून निघालेल्या गॅसवर नैवेद्य शिजवावा का, असा संकोच होतो. गीतेने सतराव्या अध्यायात शिळे, दुर्गंधी, उष्टे अन्न तामस ठरवले आहे, हे खरे. पण तो नियम खाणाऱ्याच्या ताटाचा आहे, सरपणाचा नाही. आणि त्याच गीतेने यज्ञात अर्पण करून उरलेले खाणाऱ्याला मुक्त म्हटले आहे. म्हणजे उरण्याने वस्तू हीन होत नाही, कशातून उरली त्यावर तिचे मोल ठरते. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर यज्ञातून उरलेल्या शेषालाच उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे, आणि नाम, रूप, सारे लोक त्या शेषात सामावले आहेत असे ते मानते. तैत्तिरीय उपनिषदाने अन्न नाकारू नये आणि अन्न वाढवावे ही दोन्ही व्रते शेजारी शेजारी सांगितली. या विचाराला हातांची जोड आपल्याच भाषेतल्या एका माणसाने दिली. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मेलेली जनावरे सोलली, मैल्याचे खत केले, गोपुरी संडास घडवला, आणि हे सारे उपासना म्हणून केले. ज्या वस्तूला समाज शिवत नाही ती पुन्हा चक्रात घालणे हाच खरा शुद्धीचा विधी, असे त्यांच्या जीवनाकडे पाहून म्हणता येते. त्यांच्यासमोर मुरघासाच्या वासाची तक्रार टिकत नाही. टिकते ती वेगळी तक्रार: ओला पाला भरला तर खड्ड्यातून आंबट रस पाझरतो, आणि तो विहिरीत किंवा ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारतो. अशुद्धी खरी असेल तर ती इथे आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे पाला थोडा सुकवून भरणे आणि खड्ड्याचा तळ पक्का करणे.

मग किती साठवावे? जैन गृहस्थाला अपरिग्रह पूर्ण सांगितलेला नाही, त्याला परिग्रह-परिमाण सांगितले आहे. आपली मर्यादा आपण आधी ठरवायची आणि ओलांडायची नाही. मला हे मुनीच्या व्रतापेक्षा शेतकऱ्याच्या अधिक कामाचे वाटते, आणि गंमत नव्हे, टाकीतले जिवाणूही हेच मागतात. मुरघास आंबट, मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना सामू सातच्या आसपास हवा. हावरेपणाने एकदम जास्त मुरघास सोडला की टाकी आंबते आणि गॅस थांबतो. शेणाबरोबर, मापाने घातला तरच तो चालतो. खड्ड्याचे मापही तसेच ठरवता येते: मातीचा, जनावरांचा आणि टोळीचा वाटा बाजूला काढल्यावर पुढच्या हंगामापर्यंत आपल्या चुलींना लागेल एवढे. चांगल्या खड्ड्यातही दहाएक टक्के घट होते, म्हणून जास्त साठवणे हे नुसते व्रतभंगाचे नाही, तोट्याचेही आहे.

आणि हा साठा असा आहे, की त्याचा निर्णय फिरवता येतो. पाचटाचा कोळसा केला की तो गाईला घालता येत नाही. मुरघास घालता येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उभी राहिली, २०१९ मध्ये पुन्हा उभी करावी लागली, आणि त्या काळात दावणीला टाकायला चारा लांबून आणावा लागत होता. कृष्णाकाठच्या गॅसच्या खड्ड्यांमध्ये त्या वेळी काही हजार टन मुरलेले वाढे असते, तर पहिला हक्क टाकीचा की गाईचा, या प्रश्नाला दामाजीपंतांनी उत्तर देऊन ठेवले आहे. पण ते उत्तर पाळता यावे यासाठी खड्डा भरतानाच काळजी घ्यावी लागते. गॅसलाच जायचे आहे म्हणून बुरशी लागलेला, माती-प्लास्टिक मिसळलेला, फवारणीनंतर लगेच कापलेला पाला आत टाकला, तर दुष्काळात तो खड्डा उघडूनही उपयोग नाही. म्हणून गॅससाठी भरायचा मुरघासही चाऱ्याच्या प्रतीचा असावा, प्रत्येक खड्ड्यावर काय, कधी आणि कोणाच्या शेतातले भरले याची पाटी असावी, आणि पाऊस अमुक मर्यादेखाली गेला तर खड्डे छावणीला द्यायचे हा ठराव प्रकल्प सुरू होण्याआधी ग्रामसभेने करून ठेवावा.